अर्जाचा कागद हुकूम होतो तेव्हा

पावसाळा सरत आला की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील ‘आपले सरकार सेवा केंद्रां’पुढील गर्दी वाढू लागते. रावेर-यावलच्या केळी बागायतदाराला फळपीक विम्यासाठी सातबारा आणि बँकेचे पासबुक द्यायचे असते. शिंदखेडा-शिरपूरकडच्या कापूस उत्पादकाला हमीभावाने कापूस विकायचा असेल, तर २०२५ पासून भारतीय कापूस महामंडळाच्या ‘कपास किसान’ ॲपवर नाव नोंदवून जमिनीची कागदपत्रे सादर करावी लागतात. बारावी झालेल्या मुलीचा उत्पन्नाचा दाखला शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर जायचा असतो. केंद्रचालक कागद स्कॅनरवर ठेवतो, त्याची पीडीएफ करतो, ती ठरावीक केबीच्या मर्यादेत बसवतो आणि ‘अपलोड’ हे बटण दाबतो. ई-पीक पाहणीसाठी तर १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यानेच बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे आणि स्वतः ते पाठवायचे अशी पद्धत राज्यभर सुरू झाली. वीस वर्षांपूर्वी तलाठ्याच्या दप्तराबाहेर न पडलेला कागद आज क्षणार्धात कुठल्यातरी दूरच्या संगणकात जाऊन बसतो.

या साऱ्या व्यवहारात सामान्य माणसाला एकच उपदेश अखंड ऐकवला जातो. ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नका, आधार क्रमांक जपा. बँकेच्या भिंतीवरील फलकावरही हाच जागर चालू असतो. उपदेश योग्यच आहे. परंतु ज्या खिडकीतून हे कागद स्वीकारले जातात, त्या खिडकीच्या आत कोण बसले आहे, ते काय तपासते आणि काय न तपासता आत घेते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. गेल्या दहा वर्षांतील अनुभव असा आहे, की मोठमोठ्या संस्थांची घरे फुटली ती पुष्कळदा ग्राहकाच्या भोळेपणामुळे नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्याच सर्व्हरवरील उघड्या फटींमुळे. आणि त्या फटींत कागद स्वीकारणाऱ्या खिडकीचा क्रमांक बराच वरचा आहे.

जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेत ज्याचा वावर आहे, त्याला ‘बारनिशी’ हा शब्द नवा नाही. बाहेरून आलेला प्रत्येक कागद प्रथम बारनिशीत जातो. तेथील लिपिक त्यावर आवक क्रमांक घालतो, तारखेचा शिक्का मारतो, पोच देतो आणि कागद संबंधित टेबलाकडे रवाना करतो. अर्जात काय वाटेल ते लिहिलेले असो. ‘कोषागाराच्या किल्ल्या अर्जदाराच्या स्वाधीन कराव्यात’ असे जरी कुणी लिहून आणले, तरी बारनिशीचा लिपिक उठून किल्ल्या आणायला जात नाही. फार तर हसतो आणि आवक क्रमांक घालतो. अर्ज हा अर्ज असतो आणि हुकूम हा हुकूम असतो. अर्जाचा हुकूम व्हायचा, तर मध्ये टिपणी, तपासणी आणि स्वाक्षरी लागते. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेल्या या दप्तरशाहीला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, पण हा एक भेद तिने कधी विसरू दिला नाही.

संगणकाला हा भेद आपोआप कळत नाही, आणि सारी मेख येथेच आहे. बँक, विद्यापीठ, महानगरपालिका किंवा मोठा कारखाना यांचे कामकाज ज्या मध्यवर्ती यंत्रणेवर चालते, तिला ‘ॲप्लिकेशन सर्व्हर’ म्हणतात. त्याच्या पोटात दोन प्रकारच्या फायली नांदतात. काही फायली नुसती माहिती असतात, म्हणजे छायाचित्रे, दाखले, पावत्या. काही फायली म्हणजे आज्ञावली, अर्थात संगणकाने काय करावे याचे हुकूम. कोणती फाईल कोणत्या प्रकारची, हे सर्व्हर बहुधा दोन गोष्टींवरून ठरवतो. एक, तिच्या नावाच्या शेवटी कोणती अक्षरे आहेत. आणि दुसरी, ती कोणत्या फोल्डरमध्ये पडलेली आहे. शेवटी ‘जेएसपी’ किंवा ‘पीएचपी’ अशी अक्षरे असलेली फाईल जर हुकमांच्या फोल्डरमध्ये जाऊन पडली, तर कुणीही ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकताच सर्व्हर ती वाचून दाखवत नाही. तिच्यात जे लिहिले आहे ते करू लागतो. सातबाऱ्याची जागा म्हणून ठेवलेल्या खिडकीतून अशी एक फाईल आत सरकवता आली, की बारनिशीत दिलेला अर्ज थेट साहेबाच्या सहीच्या हुकमांमध्ये जाऊन बसला असे समजावे.

अशा फाईलला तज्ज्ञ ‘वेब शेल’ म्हणतात. ती आकाराने अगदी क्षुद्र असते. दहा-पंधरा ओळी पुरतात. काही तर एकाच ओळीच्या असतात. पण तेवढ्या ओळींच्या जोरावर बाहेरचा माणूस जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून त्या सर्व्हरला हवी ती आज्ञा देऊ शकतो. खातेदारांची यादी काढ, अमुक फाईल पुस, शेजारच्या संगणकाचे दार उघड. सर्व्हर विनातक्रार हे सारे करतो, कारण त्याच्या दृष्टीने हुकूम घरातूनच आलेला असतो.

मग खिडकीवर तपासणी नसते काय? पुष्कळ ठिकाणी असते, पण ती कशी असते हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. ‘फक्त पीडीएफ व जेपीजी स्वीकारले जाईल’ अशी सूचना पडद्यावर झळकते आणि दुसऱ्या प्रकारची फाईल निवडली तर लाल अक्षरांत नकार येतो. ही तपासणी बऱ्याचदा अर्जदाराच्याच संगणकावर, म्हणजे खिडकीच्या बाहेरच्या बाजूला चाललेली असते. ज्याला गैर करायचे आहे तो ती बाजूला सारून आपली फाईल थेट सर्व्हरकडे धाडतो. काही ठिकाणी सर्व्हर फाईलसोबत आलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवतो. ‘हे छायाचित्र आहे’ असे चिठ्ठीत लिहिले आहे ना, मग ते छायाचित्रच असणार! पण ती चिठ्ठी लिहिणारा पाठवणाराच असतो, हे विसरले जाते. काही ठिकाणी फाईलचे नाव पाठवणाऱ्याने दिले तसेच्या तसे ठेवले जाते. त्या नावातच दोन टिंबे आणि एक तिरकी रेघ यांची पुनरावृत्ती घालून ‘एक पायरी वर जा, आणखी एक पायरी वर जा’ असे सुचवता येते, आणि अर्जांच्या कपाटात ठेवायची फाईल भलत्याच कपाटात जाऊन पडते.

धुळ्याच्या वाचकाला येथे इतिहासाचार्य राजवाड्यांची आठवण व्हावी. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड सिद्ध करणाऱ्या या तपस्व्याचा देह १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच पडला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही त्या शहरात त्यांचे दप्तर सांभाळीत आहे. कागद स्वतःविषयी काय सांगतो यावर राजवाडे विसंबले नाहीत. बखरीतील मजकूर बखरकाराने लिहिला म्हणून खरा, ही भाबडी समजूत त्यांनी मोडून काढली आणि अस्सल कागदाची कसोटी लावली. कागद कुठला, हात कुणाचा, काळ कोणता, मजकूर त्या काळाशी जुळतो काय. खिडकीवरच्या सर्व्हरनेही हेच करायचे असते. मथळ्यावर न जाता आत काय आहे ते पाहायचे असते.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. अमेरिकेतील ‘इक्विफॅक्स’ ही कर्जदारांची पतमाहिती सांभाळणारी कंपनी. त्याच नावाची पतमाहिती संस्था भारतातही काम करते आणि गृहकर्जासाठी बँकेत गेलेल्या अनेक मध्यमवर्गीयांची माहिती अशा संस्थांकडून तपासली जाते. अमेरिकेतील या कंपनीने आपल्या नोंदीविषयी तक्रार असणाऱ्या नागरिकांसाठी एक संकेतस्थळ ठेवले होते. तेथे तक्रार नोंदवायची आणि पुरावा म्हणून कागदपत्रे अपलोड करायची. ही खिडकी ‘अपाचे स्ट्रट्स’ नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरवर उभी होती. बाहेरून येणाऱ्या फायली उलगडून घेणाऱ्या त्याच्या भागातच एक दोष निघाला. फाईलसोबतच्या चिठ्ठीत प्रकाराच्या जागी आज्ञा लिहून पाठवली, तर ‘हा प्रकार मला समजला नाही’ असा निरोप तयार करता करता सर्व्हर ती आज्ञाच पाळून मोकळा होत असे. फाईल पाठवण्याचीसुद्धा गरज नव्हती. चिठ्ठी पुरेशी होती.

हा दोष जगजाहीर झाला आणि त्यावरची दुरुस्ती उपलब्ध झाली ७ मार्च २०१७ रोजी. दुरुस्तीला पैसे पडत नव्हते. कंपनीत अंतर्गत सूचनाही फिरली, की अठ्ठेचाळीस तासांत ही दुरुस्ती बसवावी. तक्रारींच्या त्या खिडकीवर ती बसलीच नाही. मे महिन्याच्या मध्यास चोर आत शिरले आणि जुलैच्या अखेरीपर्यंत ठाण मांडून राहिले. येणारी-जाणारी माहिती तपासणारे एक उपकरण कंपनीने बसवले होते, पण त्याचे प्रमाणपत्र कित्येक महिने आधीच कालबाह्य झाल्यामुळे ते डोळे मिटून बसले होते. २९ जुलैला प्रमाणपत्र नवे केले, तसा संशयास्पद व्यवहार तत्काळ दिसू लागला! सप्टेंबरात जगाला ही चोरी कळली, आणि अखेर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेल्याचे निष्पन्न झाले. त्यांतील १ लाख ८२ हजारांच्या आसपास लोकांनी विश्वासाने दिलेली तक्रारींची कागदपत्रेही गेली. पुढे तडजोडीत कंपनीला किमान साडेसत्तावन्न कोटी डॉलर मोजण्याचे मान्य करावे लागले. कंपनीच्या तत्कालीन प्रमुखाने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले, की दुरुस्ती बसवण्याचा निरोप एका व्यक्तीने योग्य ठिकाणी पोहोचवला नाही. एवढ्या मोठ्या घराचे दार एका माणसाच्या विसरण्यावर टांगलेले होते, हे त्या निवेदनातून न सांगताच स्पष्ट झाले.

या प्रकरणानंतर जग शहाणे झाले असेल अशी कुणाची समजूत असेल, तर ती टिकत नाही. त्याच स्ट्रट्समध्ये डिसेंबर २०२३ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये फाईल अपलोडच्या वाटेनेच नवे गंभीर दोष सापडले, आणि दोन्हींत फाईल भलत्या कपाटात जाऊन पडण्याचाच धोका होता. २०१८ च्या जुलैत ‘ओरॅकल वेबलॉजिक’ या मोठ्या संस्थांच्या आवडत्या सर्व्हरमध्ये, २०२१ च्या सप्टेंबरात ‘व्हीएमवेअर’च्या मध्यवर्ती नियंत्रण प्रणालीत असेच छिद्र निघाले. पुढचा मोठा धडा २४ एप्रिल २०२५ चा. ‘सॅप’ या जर्मन कंपनीचे सॉफ्टवेअर जगातील बहुतेक बड्या उद्योगांचे हिशेब, साठा आणि खरेदी-विक्री सांभाळते. त्याच्या ‘नेटवीव्हर’ सर्व्हरमधील एका भागात फाईल स्वीकारणारी खिडकी होती आणि तेथे ‘तुम्ही कोण?’ हा साधा प्रश्नसुद्धा विचारला जात नव्हता. नाव नाही, परवलीचा शब्द नाही. कुणीही यावे आणि फाईल ठेवून जावे. दोषाची तीव्रता मोजण्याच्या दहा गुणांच्या पट्टीवर या दोषाला पूर्ण दहा गुण मिळाले. ‘रिलायाक्वेस्ट’ या सुरक्षा संस्थेच्या लक्षात हा प्रकार आला तो अशामुळे, की ज्यांनी तोवरच्या सर्व दुरुस्त्या इमानाने बसवल्या होत्या अशांच्याही सर्व्हरमध्ये अनोळखी जेएसपी फायली आढळू लागल्या. म्हणजे दोष कंपनीला कळण्यापूर्वीच चोरांना कळला होता.

या प्रकरणातील एक तपशील विशेष मनन करण्याजोगा आहे. कंपनीने तातडीने दुरुस्ती काढली, अनेकांनी ती बसवली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. पण खिडकीला गज बसवले म्हणून आधीच आत शिरलेला माणूस बाहेर जात नाही. पहिल्या टोळीने पेरून ठेवलेल्या वेब शेल फायली तशाच राहिल्या आणि नंतर दुसऱ्या टोळ्यांनी येऊन त्यांचाच उपयोग केला. अशा दुरुस्तीला संगणकाच्या परिभाषेत ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे ठिगळ. खानदेशात गोधडीला ठिगळ लावणारी आजी आधी गोधडी उन्हात टाकून झटकते, आत काही शिरले नाही ना ते पाहते आणि मगच सुई घेते. हे शहाणपण महागड्या यंत्रणांच्या देखभालीत क्वचित दिसते.

परदेशातील बड्या कंपन्यांच्या या कथांशी जळगावच्या नवीपेठेतल्या दुकानदाराचा किंवा दोंडाईच्याच्या मिरची व्यापाऱ्याचा काय संबंध, असे कुणी म्हणेल. ३१ जुलै २०२४ या दिवशी तो संबंध देशातील सुमारे तीनशे लहान बँकांच्या खातेदारांना कळला. या सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरवणारी ‘सी-एज टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या तडाख्यात सापडली. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला देयकांच्या जाळ्यातून तात्पुरते तोडले. त्या बँकांचे खातेदार यूपीआयने पैसे पाठवू शकेनात, एटीएममधून काढू शकेनात. दुसऱ्या दिवशी संबंध पूर्ववत झाला, हे सुदैव. ‘क्लाउडसेक’ या सुरक्षा संस्थेने नंतर केलेल्या विश्लेषणानुसार हल्लेखोर थेट या कंपनीत शिरले नव्हते. तिच्याशी जोडलेल्या एका पुरवठादाराच्या ‘जेनकिन्स’ सर्व्हरची मांडणी सदोष होती, तेथून ते शिरले. त्या सर्व्हरमधील दोष परक्याला आतल्या फायली वाचू देणारा होता. फाईल सरकवण्याच्या दोषाचे हे सख्खे भावंडच म्हणावे. त्यावरची दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्येच निघालेली होती. सहा महिने ती कुणाची तरी वाट पाहत पडून होती.

येथे दोन गोष्टी स्वच्छ बोलल्या पाहिजेत. पहिली अशी, की परकीय सॉफ्टवेअर फेकून द्या आणि स्वदेशी आणा, एवढ्याने हा रोग हटणार नाही. स्वदेशी प्रणालीचा आग्रह इतर अनेक कारणांनी योग्य असेल. पण सी-एज ही टाटा कन्सल्टन्सी आणि भारतीय स्टेट बँक यांची संयुक्त कंपनी, म्हणजे पुरती भारतीय. स्ट्रट्ससारखे खुले सॉफ्टवेअर कोणत्याच एका देशाचे नाही आणि त्यावर प्रणाली उभारणाऱ्यांत भारतीय अभियंते मोठ्या संख्येने आहेत. फट कुणाच्या देशात पडली याला महत्त्व नाही; ती बुजवायला कोण उठले, याला आहे.

दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. सहकारी बँक, पतसंस्था, शिक्षणसंस्था किंवा नगरपालिका आपले सॉफ्टवेअर घेते तेव्हा निविदा निघते आणि सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली जाते. करारात पडदे किती, अहवाल किती, प्रशिक्षण किती दिवस याची तपशीलवार यादी असते. पण नवा दोष जाहीर झाल्यापासून किती दिवसांत दुरुस्ती बसवायची, कुणी बसवायची, न बसवल्यास कुणाला दंड, हे कलम शोधूनही सापडत नाही. पुरवठादार म्हणतो, दुरुस्ती बसवली तर जुना कार्यक्रम चालेनासा होईल. संस्थेचा संगणक विभाग, म्हणजे बहुधा एखादा अल्पवेतनी तरुण, म्हणतो की वरून आदेश नाही. संचालक म्हणतात, हे तांत्रिक आहे. अशा रीतीने तिघेही निर्दोष राहतात आणि खिडकी उघडी राहते.

कायदा आणि नियम नाहीत असे नव्हे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये तीन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रुपये गेले; ती वाट वेगळी होती, पण सहकारी बँकांची झोप त्याने उडवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकेच्या व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चढत्या चार पातळ्या ठरवल्या. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती जपण्यासाठी वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संस्थांवरील मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. पण रिझर्व्ह बँकेची चौकट बँकांना लागू आहे. गावोगावच्या पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात आणि त्यांना ती आपोआप लागू होत नाही. पतसंस्थांच्या पडझडीत आयुष्याची पुंजी अडकलेले ठेवीदार जळगाव जिल्ह्याने पाहिले आहेत. ती पडझड कर्जवाटपातील गैरव्यवहारांची होती. एकदा पोळलेल्या त्या ठेवीदाराने आता आपले आधार, पॅन आणि स्वाक्षरीचा नमुनाही अशाच एखाद्या संस्थेच्या संगणकात ठेवलेला आहे.

उपाय अवघड नाहीत, आणि हीच खरी खंत आहे. खिडकी ओळख पटवल्याखेरीज उघडू नये. कोणत्या फायली नाकारायच्या याची यादी करण्याऐवजी कोणत्या तेवढ्या घ्यायच्या हे ठरवावे, कारण नाकारण्याची यादी कधीच पुरी होत नाही. पाठवणाऱ्याने दिलेले नाव टाकून देऊन सर्व्हरने आपला आवक क्रमांक घालावा. बारनिशीत हेच होते. आलेले छायाचित्र नव्याने घडवून घ्यावे, म्हणजे त्यात दडवलेला मजकूर गळून पडतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आलेल्या फायली जेथे ठेवायच्या ते कपाट वेगळ्या खोलीत असावे आणि त्या खोलीत कोणतीही आज्ञा चालूच नये. एवढे एक केले, तरी चुकून आत आलेला हुकूम निर्जीव कागदासारखा पडून राहतो. सर्व्हरला स्वतःच्याच हुकमांच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसावी, आणि त्या फोल्डरात नवी फाईल दिसली की कुणाला तरी त्याच रात्री फोन जावा. यांपैकी एकाही गोष्टीला परदेशी सल्लागार लागत नाही. लागतात ते करारातील चार ओळी आणि ते वाचणारा एक जबाबदार माणूस.

असा माणूस खानदेशात मिळणार नाही, असे तर मुळीच नाही. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगातील अग्रगण्य ‘विप्रो’चा जन्म २९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या रूपाने झाला, हे येथील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बांभोरी आणि शिरपूरची महाविद्यालये यांतून दर वर्षी संगणक अभियंते बाहेर पडतात आणि बहुतेक जण पुण्याच्या हिंजवडीची वाट धरतात. त्यांच्यापैकी काहींचे कामच मुळी अशा फटी शोधण्याचे असते. ते परक्या देशांतील बँकांच्या खिडक्या तपासतात आणि दिवाळीला गावी आले की गावच्या पतसंस्थेची खिडकी पाहून गप्प बसतात. गप्प बसतात याला कारण आहे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या सर्व्हरची अशी चाचणी घेणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि सद्‌हेतूने दोष दाखवायला गेलेल्या तरुणाचे आभार मानण्याऐवजी त्याला पोलिसांचे नाव सांगणारे व्यवस्थापक सर्वत्र असतात. वस्तुतः सर्ट-इनकडे असा दोष रीतसर कळवण्याची सोय आहे. संस्थेनेच लेखी परवानगी देऊन महाविद्यालयाच्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली आपल्या खिडक्या वर्षातून एकदा तपासून घेतल्या, तर विद्यार्थ्यांना प्रकल्प मिळेल आणि संस्थेला चौकीदार. यासाठी लागणारा खर्च वर्धापनदिनाच्या मंडपाहून जास्त नसेल.

सप्टेंबरअखेरपर्यंत सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा उरकायच्या असतात. छापील अहवाल सभासदांच्या घरी येतो, लाभांशाची टक्केवारी पाहून तो बहुधा रद्दीत जातो. त्याच अहवालाच्या नफातोटा पत्रकात ‘संगणक देखभाल’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे एक रक्कम. या वर्षी एखाद्या सभासदाने उठून त्या ओळीवर बोट ठेवावे आणि अध्यक्षांना विचारावे, की या रकमेत सर्व्हरची शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेला बसली. आम्ही दिलेली कागदपत्रे कोणत्या कपाटात ठेवली जातात. आणि तेथे आमच्याखेरीज आणखी कुणाची फाईल पडली आहे काय, हे शेवटचे कुणी पाहिले?